नेटपलीकडचा देश

परवा सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर दाराच्या कडीला एक गुळगुळीत जाहिरात अडकवलेली मिळाली. आमच्या समोरचा टॉवर तयार झालाय, त्याची. वर ढगात तरंगणारी इमारत, खाली आमच्या दिवा स्टेशनच्या भागात जन्मात न दिसलेली गोरी हसरी कुटुंबं, आणि सुविधांमध्ये एक ओळ: 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे बॅडमिंटन कोर्ट, परिसरात प्रथमच.' परिसरात प्रथमच? माझं डोकंच सणकलं. गॅसवर चहा उतू गेला तरी मी तो कागद धरून उभी. अरे बाबांनो, ज्या जागेवर तुम्ही हे कोर्ट बांधलंय ना, त्याच जागेवर दर वर्षी आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा होत होती. मी स्वतः तिची अंपायर होते. तिथे पासपोर्ट लागायचा. तो पसंत पडला नाही तर माणसाला नेटच्या पलीकडे पाऊल टाकू देत नसत, मग तो स्पर्धेचा संस्थापक का असेना.

संस्थापक म्हणजे हिराजी नाना. आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे, ते शेत त्यांचं. दिव्याहून शीळफाट्याकडे जाताना जी गावं लागतात त्यातलंच आमचं गाव एक. आता गाव कुठे संपतं आणि बिल्डिंगी कुठे सुरू होतात ते पोस्टमनलाही कळत नाही. तरुणपणी नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ बाळाराम खाडीकाठच्या मिठागरात कामाला जायचे, पावसाळ्यात घरची भातशेती. मग जमिनींना भाव आले आणि दोघे भाऊ शेठ झाले. नानांनी बोटांत अंगठ्या घातल्या, गळ्यात साखळी घातली, पण पायात मात्र शेवटपर्यंत कॅनव्हासचे पांढरे बूट, तेही मोज्यांशिवाय. रॅकेट ते खांद्यावर आडवी टाकून चालायचे, कोयता घेऊन शेतावर निघाल्यासारखे. नवीन भाडेकरू घाबरून बाजूला व्हायचे.

बॅडमिंटनचं वेड त्यांना लागलं ठाण्यात. तेव्हा त्यांचा टेम्पो होता, मांडवाचं सामान वाहायचे. वर्तकनगरच्या एका कॉलनीत लग्नाचं सामान उतरवून ते झाडाखाली बसलेले, आणि समोर दोन गृहस्थ बॅडमिंटन खेळत होते. नाना बघतच राहिले. ही माणसं एकमेकांवर एवढ्या त्वेषाने वार करतायत आणि तरी कुणाचं डोकं फुटत नाहीये! वर शेवटी हात मिळवतायत आणि एकाच बाटलीतलं पाणी पितायत. आमच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेत तोपर्यंत एकही फायनल पूर्ण झालेली नव्हती. स्टंप उपटले जायचे, पण ते घरी न्यायला नव्हे. नानांनी टेम्पोत बसून विचार केला आणि निष्कर्ष काढला की फरक जाळीचा आहे.

"बाई, मधी जाली आसली ना, का मानूस मानसाला लागत नाय," ते मला सांगायचे. "राग बी निंगतो न् हाड बी मोडत नाय."

हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांनी कुठेही लावलं असतं. आमच्याकडे पाण्याची बोंब नेहमीचीच. टँकर आला की ए विंग आणि बी विंगच्या बायका हंडे घेऊन धावायच्या आणि नळाच्या तोंडाशी झोंबाझोंबी व्हायची. एकदा प्रकरण झिंज्या उपटण्यावर गेलं तेव्हा नाना घरातून बॅडमिंटनचं जुनं नेट घेऊन आले, एक टोक टँकरला आणि दुसरं विजेच्या खांबाला बांधलं, आणि दोन्ही विंगना दोन बाजूंना उभं केलं. शिव्या नेटवरून जात होत्या, पण हात पोचत नव्हते. टँकरवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे विडी ओढली. मी तेव्हा नवीनच राहायला आलेले. डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवायचे, आणि त्या गोंधळात सवयीने माझ्या तोंडून "लाईन!" असा आवाज निघाला. दोन्ही विंग गपकन सरळ झाल्या. नानासुद्धा अंग चोरून रांगेत उभे राहिले. त्याच संध्याकाळी ते घरी आले आणि मला अंपायर करून गेले. मी म्हटलं, नाना, मला बॅडमिंटनमधलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, खेळ सगळ्यांनाच कळतो, ऐकतात कुणाचं ते महत्त्वाचं.

नाना खेळायचे कसे, तर वाईट. अगदी वाईट. पण प्रत्येक फटक्याला छातीतून आवाज काढायचे, "हप्पा!" सर्व्हिस असो, स्मॅश असो, की फटका चुकून रॅकेट स्वतःच्या गुडघ्यावर बसलेली असो, हप्पा हा ठरलेलाच. मला वाटायचं ही काहीतरी त्यांची स्टाईल आहे. नानी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा खुलासा केला. मिठागरात मिठाची भरलेली पाटी एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. एकाने उचलून द्यायची, दुसऱ्याने डोकं खाली घालायचं. उचलणारा "हप्पा" म्हणतो, की घेणाऱ्याने मान ताठ करायची. दोघे भाऊ पोरसवदा होते तेव्हापासून एकमेकांना पाट्या देत आलेले. मिठागर बंद पडलं, पण तो आवाज छातीत राहिला. "त्या दोगांशिवाय गावात कोन आसा आवाज करीत नाय," नानी म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

आता बाळारामशेठचं सांगते, कारण सगळं महाभारत तिथेच आहे.

जमीन विकली तेव्हा सही करायला बिल्डर दोघा भावांना आपल्या गाडीतून कल्याणला घेऊन गेला. मोठी गाडी, एसी, मऊ सीट. नाना थोरले म्हणून पुढे बसले. बाळारामशेठ मागे. आता बाळारामशेठना लहानपणापासून गाडीत मागे बसलं की मळमळतं. एसटीतसुद्धा ते कंडक्टरशी भांडून पुढची जागा घ्यायचे. येताना शीळफाट्याला ट्रॅफिक, खड्डे, बंद काचा. व्हायचं ते झालं. खास सहीसाठी शिवलेल्या पांढऱ्याशुभ्र सफारीवर झालं. बिल्डरने नाकाला रुमाल लावला आणि ड्रायव्हर हसला. बाळारामशेठ एवढंच म्हणाले, दादा, तुला ठाऊक होतं. आणि नाना मागे न बघता म्हणाले, मोठा मी आहे. बस्स. एवढ्यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. हसू नका. आमच्याकडे भावकी याहून लहान गोष्टीवरून तुटलेली आहे.

मग वाटण्या झाल्या. घरं वेगळी, आंबे वेगळे, विहीर सकाळी एकाची आणि संध्याकाळी दुसऱ्याची. अडलं ते खळ्यापाशी. बापाचं भात झोडायचं खळं, टणक, सपाट, आणि त्यावर नानांनी आधीच चुना मारून बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं, दोन खांब पुरून नेट लावलेलं. खळं कुणीच सोडेना. शेवटी पंचांनी सांगितलं, अर्धं अर्धं. मोजणीवाला भर उन्हात आला. त्याला सरळ दोरी धरायला दोन खांब आयते मिळाले. त्याने नेटच्या रेषेतच दोरी धरली, दगड रोवला, ताक प्यायला आणि गेला. दोघा भावांनी पाठमोरं उभं राहून मान्य केलं.

त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिला गेम संपला. खेळाडू बाजू बदलायला निघाले, तर बाळारामशेठ ओट्यावरून ओरडले की कुणी पाय टाकायचा नाही. नेटच्या अलीकडे नाना, पलीकडे ते. खळ्यात पाऊल टाकायचं तर परवानगी पाहिजे. आता बॅडमिंटनमध्ये गेम संपला की बाजू बदलावीच लागते, नाहीतर एकाच्याच डोळ्यात ऊन. मी अंपायर, म्हणून मला पाठवण्यात आलं. नेटखालून चार पावलांचं अंतर, पण तसं जाणं म्हणजे घुसखोरी, म्हणून मी देवळाला वळसा घालून रस्त्याने गेले. बाळारामशेठ भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. ते भिंतीलाच म्हणाले, "त्या लोकांना सांग, आमच्या जागंत पाय टाकायचा तर पासपोर्ट आना."

मी परत वळसा घालून आले आणि जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, झाली स्पर्धा, आता काठ्या निघणार. नाना बराच वेळ नेटला बोटं अडकवून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पासपोर्ट मागतो म्हंजे तपासाया कोन तरी बसंल ना, बाई?"

पुढच्या वर्षी बॅनर लागला, 'भव्य आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा'. डोंबिवलीच्या प्रेसमधून निळ्या पुठ्ठ्याचे पासपोर्ट छापून आले. आत फोटो, नाव, आणि मुक्कामाचं कारण: 'खेळ'. शिक्का मात्र देऊळ समितीचा, कारण गावात दुसरा शिक्का नव्हता. एक पासपोर्ट नानांनी बाळारामशेठसाठीही केला आणि माझ्या हाती दिला. म्हणाले, त्यालाही कधी इकडे यावंसं वाटलं तर अडायला नको. त्यावर फोटो लावलेला तो मिठागराच्या दिवसांतला, उघड्या अंगाचा, हसणारा पोरगा. मूळ फोटो दोघांचा असणार, कारण कापलेल्या कडेला बाळारामशेठच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा राहिला होता. मी तो नेऊन दिला. त्यांनी न बघता खिशात टाकला आणि मला चहा विचारला नाही.

आणि नानांचा अंदाज खरा ठरला बरं का. पासपोर्ट मागितला म्हटल्यावर तपासायला बसणं भाग होतं. बाळारामशेठ खुर्ची घेऊन आले आणि आपल्या बाजूने नेटच्या खांबाशी बसले. प्रत्येक गेमनंतर खेळाडू रांगेत यायचे. शेठ पासपोर्ट उलटा करून बघायचे, सुलटा करून बघायचे, शिक्का मारायचे. चप्पल काढून या, परत जाताना फूल सोबत न्यायचं नाही, आमच्या हद्दीत पडलेलं फूल आमचं, असे नियम सांगायचे. आमच्याकडे शटलला फूलच म्हणतात. खाडीवरून वारा सुटला की फुलं हटकून पलीकडे जायची, आणि संध्याकाळी बाळारामशेठकडे परडीभर साठायची. दुसऱ्या दिवशी नानांच्या दारात ती परडी ठेवलेली असायची. कोणी ठेवली ते कोणी विचारायचं नाही.

नानांना खेळता येत नसताना ते दर वर्षी स्पर्धेत नाव का द्यायचे ते मला त्या वर्षी कळलं. त्यांना जिंकायचं नव्हतं. त्यांना गेम संपवायचा होता. गेम संपला की बाजू बदलायची, आणि बाजू बदलायची तर पासपोर्ट घेऊन भावासमोर उभं राहायचं. पाठ करून बसणाऱ्या माणसाची माफी मागता येत नाही, समोरासमोर यावं लागतं. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, टाकीवर पाणी चढतंय का बघायला आम्ही गच्चीत गेलेलो तेव्हा. "त्याला मागं मलमलतं, मना ठाऊक व्हता," ते म्हणाले. "तरी बसलो पुढं." आणि मग टाकीत वाकून पाणी बघायला लागले, बराच वेळ. टाकी रिकामी होती.

तर पहिल्या वर्षी नाना गेम हरून पासपोर्ट घेऊन खांबाशी गेले. घाम पुसलेला, केसांना पाणी लावलेलं. बाळारामशेठनी फोटो पाहिला, नानांकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"फोटो जुना हाय," ते मला म्हणाले. नानांना नाही, मला. "जमनार नाय."

नाना माघारी फिरले. काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर घोकलं होतं म्हणे, नानींनी सांगितलं. दुसरा गेम त्यांनी त्याच बाजूने खेळला, आणि समोरच्याच्या डोळ्यात ऊन तसंच राहिलं. मी अंपायर म्हणून काय करणार? नियमपुस्तकात परराष्ट्र धोरण नव्हतं.

पुढच्या वर्षी नानांनी डोंबिवलीला जाऊन नवीन फोटो काढला. फोटोग्राफरने स्माईल सांगितलं, त्यांनी केलं. खांबाशी बाळारामशेठ म्हणाले की यात हसलाय, पासपोर्टात हसत नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी नाना फोटोत एवढे गंभीर होते की नानींनी तो फोटो देवाजवळून काढून ठेवायला लावला, अपशकुनी दिसतो म्हणून. तर बाळारामशेठ म्हणाले, कान दिसत नाहीत. मग कान दिसले तर सही जुळेना. हे असं कितीतरी वर्षं. गावातले लोक स्पर्धा बघायला येत नव्हते हो, यंदा काय खोट काढतात ते बघायला यायचे. पैजा लागायच्या. मला राग यायचा. एकदा मी बाळारामशेठना स्पष्ट म्हटलं, आता सोडा ना, भाऊ आहे तुमचा. ते भिंतीला म्हणाले की नियम म्हणजे नियम, बाईंनी तरी असं बोलू नये. पण मी हेही बघितलं होतं की इतरांचे पासपोर्ट ते क्षणात उरकायचे, आणि नानांचा मात्र हातात धरून ठेवायचे, सोडवत नसल्यासारखा.

एका वर्षी एक पुढारी पाहुणे म्हणून आले. बॅनर वाचून खूष झाले आणि माईकवर म्हणाले, परदेशी खेळाडू कुठे आहेत, माझा त्यांच्यासोबत फोटो होऊन जाऊ दे. एकच तारांबळ उडाली. कुणीतरी नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून प्रेमला ओढून आणला. प्रेम नेपाळचा. हातात झारा, अंगाला सोया सॉसचा वास. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, तेवढ्यात नाना पुढे आले आणि त्यांनी हात बाजूला केला. "सायेब, यो आमचाच. रोज आमच्या दारात पानी भरतो, आमच्या गनपतीत नाचतो. यो परका कसा?" मग त्यांनी नेटपलीकडे बोट दाखवलं, खुर्चीत बसलेल्या बाळारामशेठकडे. "परदेसी तो. लय लांबून येतो."

पाहुणे बिचारे नेटच्या खांबाशी गेले आणि बाळारामशेठना इंग्रजीत वेलकम म्हणाले. बाळारामशेठनी त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला. तो फोटो दुसऱ्या दिवशी कुठल्याही पेपरात आला नाही.

मग बाळारामशेठच्या मुलांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं. समोर टॉवर होणार, अर्धं खळं ठेवून काय करता? बाळारामशेठ वर्षभर नाही म्हणाले आणि एक दिवस गप्प झाले. त्यांची सही झाली. कल्याणला जाताना ते पुढच्या सीटवर बसले होते, असं ड्रायव्हरने गावात सांगितलं. आठवड्याच्या आत बिल्डरची माणसं आली आणि मोजणीच्या दगडावरून, नेटच्या बरोब्बर रेषेत, निळे पत्रे ठोकून गेली. माणसाच्या दीडपट उंच. नेट काढून त्यांनी नीट घडी घालून नानांच्या ओट्यावर ठेवलं, तेवढी माणुसकी.

नाना त्या दिवसांत जेवेनात. नानी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, बाई, तुमी तरी सांगा. मी गेले. नाना ओट्यावर, मांडीवर नेट. मला वाटलं रडत असतील, पण ते पत्र्यांकडे डोळे बारीक करून बघत होते. "नेटची उंची वाढली, बाई," ते म्हणाले. "बाकी काय बदलला नाय." आणि मला सांगितलं, बॅनर लावायला घ्या.

लोक म्हणाले, म्हातारा सटकला. कुणीच नाव दिलं नाही. देणार कसं? पलीकडे बिल्डरची साईट, आत जायला बंदी. ड्रॉमध्ये एकच नाव, हिराजी नाना, आणि समोर कोरी जागा. तरी ठरल्या रविवारी सकाळी आम्ही जमलो. नानी, मी, गाडी बंद ठेवून आलेला प्रेम, आणि गंमत बघायला आलेली गावातली थोडी माणसं. बसायला खुर्च्या मांडल्या होत्या. माझी अंपायरची जागा म्हणजे रंगाऱ्याचा घोडा, ती उंच शिडी. त्यावर बसलं की मला पत्र्यापलीकडचं दिसत होतं. खडीचे ढीग, सळया, आणि कोणी नाही. खरं सांगते, मला त्या क्षणी नानांची फार दया आली, आणि त्या दयेचाच राग आला.

ती शेवटची स्पर्धा. त्याच पावसाळ्यात नाना झोपेतच गेले, पण तेव्हा हे कुणाला माहीत?

मी "लव्ह ऑल, प्ले" म्हटलं. नानांनी सर्व्हिस केली, "हप्पा!" फूल पत्र्यावरून पलीकडे गेलं. फूल परत आलं नाही. मी म्हटलं, वन लव्ह. नानांनी दुसरं फूल घेतलं. हप्पा. टू लव्ह. मागून कोणीतरी फिसकन हसलं. आयुष्यात पहिल्यांदा नाना आघाडीवर होते, आणि त्यांच्याएवढा हरलेला माणूस मी बघितला नव्हता. पुढच्या सर्व्हिसचा हप्पासुद्धा बारीक झाला. फूल पलीकडे गेलं.

आणि पलीकडून आवाज आला, "हप्पा."

फूल निळ्या पत्र्यावरून वर आलं, उन्हात जरा थबकलं आणि नानांच्या पायाशी पडलं. नाना हलले नाहीत. नानींनी पदर तोंडाला लावला. मी घोड्यावरून बघितलं. खडीच्या ढिगावर बाळारामशेठ उभे होते, धोतर वर खोचलेलं, हातात रॅकेट उलटी धरलेली. बिल्डरचा वॉचमन त्यांच्यामागे फुलांची परडी घेऊन उभा. त्यांनी मला बघितलं आणि नजरेनेच दटावलं, बोलायचं नाही. मी कशाला बोलते? अंपायरने फक्त स्कोअर सांगायचा असतो. मी म्हटलं, सर्व्हिस चेंज.

मग जे काही झालं त्याला बॅडमिंटन म्हणता येणार नाही. दोन म्हातारे, एकमेकांना न दिसणारे, आकाशात फुलं फेकत होते. इकडून हप्पा, तिकडून हप्पा. दहातली नऊ फुलं पत्र्यावर आपटून आवाज करत खाली पडायची. गावातली माणसं हसायची थांबली होती. गेम कोणी जिंकला ते विचारू नका, मी मोजत नव्हते, तोंडाला येईल तो स्कोअर देत होते. शेवटी नानांना धाप लागलेली बघून मी गेम संपवला. आणि जन्मभराच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "साईड चेंज."

नानांनी खिशातून पासपोर्ट काढला. पण जाणार कुठे? समोर पत्रा. पलीकडचा देशच विकला गेलेला. ते पासपोर्ट घेऊन पत्र्याला कपाळ टेकून उभे राहिले. पलीकडे मी बघितलं तर ढिगावर कोणी नव्हतं.

देवळाच्या वळणावरून बाळारामशेठ येताना दिसले. रस्त्याने, वळसा घालून, अनवाणी. चप्पल हातात घेतलेली, कारण हद्दीत चप्पल काढून यायचं हा त्यांचाच नियम. आमच्यापर्यंत येऊन ते नेटच्या खांबाशी थांबले. नेट नव्हतं, खांब होता. नाना सावकाश चालत आले, पुढच्या रांगेतली पाहुण्यांची खुर्ची खांबाशी ओढली, तिच्यात बसले आणि हात पुढे केला. बाळारामशेठनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून निळा पुठ्ठा काढला. घामाने, धुण्याने मऊ पडलेला. मी इतकी वर्षं समजत होते की तो त्यांनी त्याच दिवशी चुलीत घातला.

नानांनी चष्मा पुसला. फोटो बघितला, बाळारामशेठकडे बघितलं, परत फोटो बघितला. तो हसणारा पोरगा, खांद्यावर तो कापलेला हात.

"फोटो जुना हाय," नाना म्हणाले.

बाळारामशेठनी मान खाली घातली आणि वळायला लागले. वाटलं, नाना, नका हो असं करू. पण नाना खुर्चीतून उठले. खुर्ची उचलून परत पहिल्या रांगेत नेऊन ठेवली, अंगातल्या सदऱ्याने पुसली.

"पुढं बस," ते म्हणाले. "मागं तुला मलमलतं."

बाळारामशेठ बसले. नाना त्यांच्या मागच्या खुर्चीत. दोघेही समोरच्या निळ्या पत्र्याकडे बघत होते. प्रेमने नाक पुसलं आणि गाडी लावायला गेला. मग बाळारामशेठ न वळता म्हणाले, "शेवटचा फूल आऊट व्हता."

"इन व्हता," मागून नाना म्हणाले.

"आऊट."

"तुला पत्र्याआडून काय दिसनार? इन व्हता. बाईंना विचार."

दोघांनी वर माझ्याकडे बघितलं. मी सगळं स्पष्ट बघितलं होतं, आणि सांगितलं की मला काही दिसलं नाही. तशी त्यांची जी जुंपली! बाळारामशेठ खुर्ची वळवून नानांसमोर बसले, नानांनी गुडघ्याला गुडघा भिडवून बोट नाचवलं. पत्रा, पासपोर्ट, सफारी, आंबे, विहीर, सगळं बाहेर निघालं. मी घोड्यावरून उतरले आणि माणसांना घरी जायला सांगितलं. वळणावरून मागे बघितलं तर दोघे तसेच भांडत होते, मध्ये जाळी नव्हती, आणि नानी दोघांसाठी चहा घेऊन चालल्या होत्या.